इनबॉक्समधला कचरा : नको असलेले ईमेल कायद्याने थांबतात का?

नाशिकच्या इंदिरानगरमधला कोणताही एक मोबाइल घ्या. मालक सकाळी जॉगिंग ट्रॅकवरून घरी येईपर्यंत त्यात पाच-सहा ईमेल येऊन पडलेले असतात. एक पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटची जाहिरात. एक कुठल्याशा ऑनलाइन कोर्सची. एक 'तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय' सांगणारा. आणि एक प्राप्तिकर खात्याच्या नावाने आलेला : तुमचा परतावा अडकला आहे, खालच्या लिंकवर बँकेचा तपशील भरा.

पहिल्या तीन मेलनी फक्त डोकं उठतं. चौथ्याने खातं रिकामं होऊ शकतं.

याच मोबाइलवर जाहिरातीचा नको असलेला एसएमएस आला, तर १९०९ वर तक्रार करता येते. मग ईमेलचं काय? इंदिरानगर पोलीस ठाण्यात जाऊन 'मला हे मेल नको आहेत' असं सांगितलं, तर पोलीस काही करू शकतात का?

थोडक्यात उत्तर असं : पहिल्या तीन मेलसाठी जवळपास काहीच नाही. चौथ्यासाठी मात्र कायदा आहे. हा फरक कुठून आला आणि जगात असे कायदे कितपत चालले, ते समजून घेऊया.

स्पॅम म्हणजे नेमकं काय?

न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना पाठवलेला मेल म्हणजे स्पॅम. पहिला स्पॅम ३ मे १९७८ चा मानला जातो. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत काम करणाऱ्या गॅरी थुर्क याने नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एका झटक्यात पाठवली. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर तेव्हा मोजकीच माणसं होती. त्यांनी आरडाओरडा केला. पण कंपनीचे संगणक खपले.

स्पॅमचं सगळं अर्थकारण यातच आहे. कागदी जाहिरात वाटायची तर छपाई आणि टपालाचा खर्च पाठवणाऱ्याला बसतो. ईमेलमध्ये एक लाख मेल पाठवायला लागणारा खर्च एका मेलपेक्षा फारसा जास्त नसतो. लाखातून दोघांनी पैसे दिले तरी धंदा फायद्यात. वेळ, डोकेदुखी आणि नुकसान मात्र मेल मिळणाऱ्याच्या वाट्याला येतं.

आजही जगभर फिरणाऱ्या ईमेलपैकी जवळपास निम्मे स्पॅम असतात, असं सायबर सुरक्षा कंपन्यांचे अहवाल सांगतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. पहिला गट खऱ्या कंपन्यांच्या नकोशा जाहिरातींचा. त्यांना नाव असतं, कार्यालय असतं. दुसरा गट फसवणुकीच्या मेलचा, म्हणजे फिशिंगचा. तिथे नाव खोटं, पत्ता खोटा, आणि पाठवणारा कोणत्या देशात बसलाय हेही माहीत नसतं.

भारतात कायदा होता का?

होता, पण स्पॅमविरोधी कायदा म्हणून नव्हे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली आणि कलम ६६अ घातलं गेलं. ते २००९ पासून लागू झालं. या कलमाचे तीन भाग होते. तिसऱ्या भागात असं म्हटलं होतं, की समोरच्याला त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा मेल कुठून आलाय याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेला ईमेल हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भारतीय कायद्यात स्पॅमच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद ती हीच.

पण हे कलम लोकांच्या लक्षात राहिलं ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट टाकली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांमध्ये ६६अ होतं. देशभर संताप उसळला. कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली.

२४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं. 'त्रास', 'गैरसोय' हे शब्द इतके मोघम आहेत की त्यात काहीही बसवता येईल, आणि त्यामुळे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा येते, असा निकालाचा रोख होता. कलम पूर्णच रद्द झालं. त्यासोबत ईमेलचा तिसरा भागही गेला.

निकाल योग्यच होता. एखाद्याला त्रास झाला एवढ्यावर कुणाला तुरुंगात टाकता येणं धोक्याचं असतं, हे पालघरने दाखवून दिलं होतं. पण स्पॅमसाठी स्वतंत्र आणि नेमका कायदा करण्याचं काम त्यानंतर संसदेने हाती घेतलं नाही. जागा रिकामी राहिली.

गंमत म्हणजे रद्द झालेलं कलम पोलिसांच्या सवयीतून लगेच गेलं नाही. पीयूसीएल या संघटनेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलेल्या आकडेवारीत निकालानंतरही या कलमाखाली गुन्हे नोंदले गेल्याचं दिसलं, आणि त्यात सर्वाधिक ३८१ गुन्हे महाराष्ट्रातले होते. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ६६अ खाली कुणावरही खटला चालवू नये, असे स्पष्ट आदेश दिले.

मग आज हातात काय आहे?

फसवणुकीच्या मेलसाठी बरंच काही आहे. कलम ६६ड नुसार संगणक किंवा मोबाइल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख चोरली तर कलम ६६क लागतं. सोबत भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची कलमं आहेत. करारातून हाती आलेली तुमची माहिती कुणी परस्पर दुसऱ्याला देऊन तुमचं नुकसान केलं, तर कलम ७२अ आहे.

न्यायालयांनीही फिशिंगची दखल लवकर घेतली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नॅसकॉम या संगणक उद्योगाच्या संघटनेचा खटला आला. काही जण तिच्या नावाने मेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करत होते. भारतात फिशिंगविरोधात वेगळा कायदा नसला तरी हे कृत्य बेकायदाच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि प्रतिवादींनी १६ लाख रुपये भरायचं मान्य केलं.

म्हणजे चौथ्या मेलसाठी पोलिसांकडे कलमं आहेत. फ्लॅट, कोर्स आणि क्रेडिट कार्डच्या मेलसाठी मात्र 'हा मेल मला नको होता' एवढ्या कारणावर लागेल असं कलम नाही.

एसएमएसला नियम आहेत, मग ईमेलला का नाहीत?

याचं कारण मधल्या माणसात दडलं आहे.

एसएमएस तुमच्यापर्यंत मोबाइल कंपनीमार्फत येतो. त्या कंपनीला सरकारी परवाना लागतो आणि तिच्यावर ट्राय या नियामक संस्थेची देखरेख असते. २००७ मध्ये 'नॅशनल डू नॉट कॉल' नोंदणी आली. २०१० चे नियम २०११ पासून लागू झाले. २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले : जाहिरातीचा संदेश पाठवणाऱ्या कंपनीने स्वतःची, संदेशावर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंद करायची. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार करायला तीनऐवजी सात दिवस मिळतात. आता संदेशाच्या नावापुढे 'पी' अक्षर असेल तर ती जाहिरात, 'एस' असेल तर सेवा, 'टी' असेल तर व्यवहार आणि 'जी' असेल तर सरकारी संदेश, हेही ओळखता येतं.

याचा परिणाम झाला का? काही प्रमाणात नक्कीच. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटर्सच्या जोडण्या तोडायला मोबाइल कंपन्यांना सांगितलं. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पावणेतीन लाख जोडण्या बंद झाल्या आणि ५० हून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या. ट्रायच्याच आकडेवारीनुसार अशा टेलिमार्केटर्सविरुद्धच्या तक्रारी ऑगस्टमध्ये १ लाख ८९ हजार होत्या. ऑक्टोबरमध्ये त्या १ लाख ५१ हजारांवर आल्या. उपद्रव संपला नाही, पण कमी झाला.

ईमेलमध्ये असा परवानाधारक मधला माणूस नसतो. मेल पाठवणारा सर्व्हर कुठल्याही देशात असू शकतो आणि तो भाड्याने घ्यायला ट्रायची परवानगी लागत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातलं कलम २८ जाहिरातीच्या संदेशांसाठी आधी संमती घेण्याची अट घालण्याचा अधिकार सरकारला देतं आणि त्यात 'संदेश' या शब्दाची व्याख्याही बरीच रुंद आहे. पण तक्रारीची प्रत्यक्ष यंत्रणा अजून कॉल आणि एसएमएसभोवतीच फिरते. १९०९ वर ईमेलची तक्रार होत नाही. संचार साथी पोर्टलवरची 'चक्षू' सुविधाही कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठीच आहे.

परदेशातल्या कायद्यांनी काय साधलं?

जगात दोन पद्धती दिसतात.

पहिली पद्धत : आधी मेल पाठवा, नको असेल तर समोरचा सांगेल. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा असा आहे. तो डिसेंबर २००३ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. मेलचा विषय फसवा नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, आणि कुणी 'नको' म्हटलं तर कामकाजाच्या दहा दिवसांत यादीतून नाव काढायचं, अशा त्याच्या अटी आहेत. एकेका मेलमागे ५० हजार डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो.

दुसरी पद्धत : आधी परवानगी, मग मेल. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात ही भूमिका घेतली. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा कायदा आणि १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कॅनडाचा कायदा याच वळणाचे आहेत. कॅनडात कंपनीला एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

दंड खरोखर झालेही आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये व्हर्काडा या सुरक्षा कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीला साडेएकोणतीस लाख डॉलर भरावे लागले. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये तिथल्या कॉमनवेल्थ बँकेला साडेपस्तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तिच्या साडेसहा कोटींहून अधिक मेलमध्ये नियमभंग सापडला होता. बहुतेक मेलमध्ये 'नको' म्हणण्यासाठी आधी लॉगिन करावं लागत होतं.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. पकडले गेलेले सगळे नाव-गाव-कार्यालय असलेले आहेत. बँक आहे, कॅमेरा कंपनी आहे. बनावट परताव्याचा मेल पाठवणारा ठग या यादीत नाही. त्याला 'नको' कळवायचं तर कुठे कळवणार? उलट त्याच्या मेलमधल्या अनसबस्क्राइबवर क्लिक केलं, तर हा पत्ता चालू आहे एवढं त्याला कळतं.

अमेरिकेने 'डू नॉट कॉल'सारखी ईमेलची यादी करावी का, हाही विचार झाला होता. २००४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने संसदेला स्पष्ट सांगितलं, की अशी यादी स्पॅम कमी करणार नाही. ती स्पॅमरच्या हाती पडली तर चालू पत्त्यांचा आयता खजिनाच त्यांना मिळेल. यादी झाली नाही.

मग स्पॅम कमी कशाने होतो?

मधल्याला धरल्याने. याची तीन उदाहरणं पाहू.

पहिलं उदाहरण अमेरिकेतलं. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो नावाच्या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली, कारण तिच्या सर्व्हरवरून प्रचंड स्पॅम हलवला जात असल्याचं उघड झालं होतं. जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. एकही खटला चालला नव्हता. पण स्पॅमरनी नवे सर्व्हर शोधले आणि काही महिन्यांत आकडे पुन्हा चढले.

दुसरं उदाहरण जीमेलचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी अटी घातल्या. दिवसाला ५,००० हून अधिक मेल जीमेलवर पाठवायचे असतील, तर मेल खरोखर त्याच कंपनीकडून आल्याचा तांत्रिक पुरावा हवा, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब होता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. नाहीतर मेल अडवला जाईल. इंदिरानगरच्या मोबाइलवर हल्ली मेलच्या वरच अनसबस्क्राइबचं बटण दिसतं, त्यामागे या अटींचा मोठा हात आहे. आपण रोज सुमारे १५ अब्ज नको असलेले मेल अडवतो, असा गुगलचा दावा आहे. मात्र हा कंपनीचा नियम आहे. तो उद्या बदलला तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर नाही.

तिसरं उदाहरण पुण्याचं, आणि ते महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाचं. पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या संचालकांनी एका फिशिंग मेलला उत्तर दिलं आणि कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. प्रकरण राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे गेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ नुसार हे सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकू शकतात. २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. मेलला उत्तर देणाऱ्याची चूक होती, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही. पण पैसे ज्या खात्यांत वळवले गेले, ती खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, म्हणून बँकेची जबाबदारीही धरली गेली.

मेल पाठवणारा दूर कुठेतरी होता. बँक मात्र इथेच होती, आणि कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचला. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव नाव आणलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला सांगितलं, त्यामागेही हाच विचार आहे. ठगाला शोधत बसण्यापेक्षा खरं दार ओळखता येईल अशी खूण करणं सोपं.

नव्या डेटा कायद्याने फरक पडेल का?

पहिल्या तीन मेलसाठी सर्वांत जास्त आशा इथेच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. या कायद्यात 'स्पॅम' हा शब्द नाही. पण तुमचा ईमेल पत्ता ही तुमची वैयक्तिक माहिती आहे. ती वापरायची तर तुमची संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि स्पष्ट हवी. संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल. नियम मोडल्यास डेटा संरक्षण मंडळ काही बाबतींत २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकेल.

म्हणजे फ्लॅट बघायला गेलात आणि वहीत ईमेल लिहून आलात, तो डिजिटल यादीत चढला आणि पुढे कोर्सवाल्याकडे पोहोचला, तर 'ही संमती मी कधी दिली?' असं विचारता येईल. आज असा प्रश्न विचारायला ठोस आधार नाही.

मर्यादा तीच : हा कायदा ज्याचा पत्ता आहे त्यालाच शिस्त लावेल. आणि दंड झाला तरी तो सरकारजमा होईल, तुमच्या खात्यात येणार नाही.

तोवर इंदिरानगरच्या माणसाने काय करायचं?

ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर अनसबस्क्राइब करा. अनोळखी किंवा संशयास्पद मेल असेल तर त्यातल्या कशावरही क्लिक न करता 'स्पॅम म्हणून नोंदवा' हे बटण दाबा. ०.३ टक्क्यांचा हिशेब याच बटणावर चालतो, त्यामुळे ते वाया जात नाही.

प्राप्तिकर, बँक किंवा वीजबिलाचा मेल आला तर त्यातली लिंक उघडू नका. संकेतस्थळाचं नाव स्वतः टाइप करून आत जा आणि तिथे काही थकीत दिसतं का ते पाहा.

पैसे गेलेच तर आधी १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा इंदिरानगर पोलीस ठाण्यात अथवा शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. बँकेला लगेच लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून कळवायला जितका उशीर, तितका फटका मोठा.

आणि तो मेल डिलीट करू नका. शरमेने किंवा रागाने अनेक जण पहिलं तेच करतात. मेल कुठून कुठून फिरून आला याची नोंद त्या मेलच्याच आत असते. पुण्याच्या प्रकरणात झाला तसा जबाबदारीचा हिशेब पुढे कधी मांडायचा झाला, तर सुरुवात तिथूनच होते.